जुनं लोखंडी सामान, नग दोन

वर्षभर झोप मोडून बनवलेल्या आमच्या रोबोटांची बिल्टीवर, म्हणजे ट्रान्स्पोर्टच्या पावतीवर, नोंद झाली ती अशी: 'जुनं लोखंडी सामान, नग दोन'. त्यात लोखंड असेल तर औषधापुरतं. बाकी सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा. पण सांगायचं कुणाला?

रोबोकॉन म्हणजे कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या रोबोटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिची राष्ट्रीय फेरी पूर्वी बरीच वर्षं पुण्यात, बालेवाडीला व्हायची. सीनियर सांगतात, छोटा हत्ती ठरवायचा, मागे रोबोटला धरून बसायचं, की आलं बालेवाडी. आता दिल्ली. विमानाचं नाव काढलं तर बॅटरी आडवी येते: 22.2 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर, म्हणजे 222 वॉट-अवर, आणि प्रवाशाला 160 च्या वरची सुटी लिथियम बॅटरी नेता येत नाही. म्हणून ट्रान्स्पोर्ट.

बुकिंगवाले काका पावती पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "माल काय?"

"रोबोट."

पेन थांबलं. "म्हणजे मशिनरी?"

"तसंच काहीसं."

"चाकं दिसतायत."

"चार आहेत."

"मोटर?"

"आहेत."

"मग ही गाडी झाली. आरसी बुक कुठंय?"

"काका, गाडी नाही हो. हा बास्केटबॉल खेळतो."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकटाच?"

"दुसरा त्या खोक्यात आहे."

"बरं, खेळतो म्हणजे?"

"चेंडू आपटतो आणि बास्केटमध्ये टाकतो."

"आणि मग?"

मी थोडा वेळ गप्प राहिलो. "मग परत टाकतो."

"खर्च?"

"दीडेक लाख."

काकांनी आत हाक मारली, "बाळू, ये रे, गंमत बघ." बाळू आला, चहाचा पोऱ्या आला, ट्रकखाली झोपलेला ड्रायव्हर उठून आला. "हे दीड लाखाचं. चेंडू टाकतं."

ड्रायव्हर म्हणाला, "आमचा पोरगा फुकट टाकतो. वर काचाही फोडतो."

सगळे हसले. मीही हसलो, बुकिंग व्हायचं होतं ना. पण विराट कोहलीला कुणी कधी 'आणि मग?' असं विचारलंय?

खेळ यजमान देश ठरवतो. 2025 चे यजमान मंगोलिया, त्यांनी बास्केटबॉल दिला. 2008 ची आंतरराष्ट्रीय फेरी पुण्यात झाली तेव्हा खेळ होता दहीहंडीचा, आणि 2022 मध्ये दिल्लीला चक्क लगोरी. यंत्रांनी लगोरी रचायची! तेव्हा मी टीममध्ये असतो तर निदान आजीला तरी कळलं असतं मी करतो काय. काकांचं मात्र सांगता येत नाही. लगोरीही ड्रायव्हरचा पोरगा फुकटच खेळत असणार.

मग काकांनी टेप काढला. भाडं वजनावर नाही, आकारावर. आमचा रोबोट हलका, पण चेंडू फेकायचा हात वर ताठ. काका म्हणाले, "हात खाली घ्यायला सांगा त्याला." सांगून ऐकत असता तर आणखी काय हवं होतं! आम्ही ॲलन की घेऊन फुटपाथवर बसलो आणि रात्री दोनला जुळवलेला हात बोल्ट बोल्ट करून उतरवला. तरी शेवटी हवेचंच भाडं भरलं.

"किंमत काय टाकू?"

"दीड लाख."

"50,000 च्या वर गेलं की ई-वे बिल लागतं. आहे?"

नव्हतं. काकांनी दोन सेकंद विचार केला आणि लोखंड लिहिलं.

दिल्लीचं थोडक्यात सांगतो. साखळी फेरी पार झाली, पुढच्या मॅचमध्ये एक कनेक्टर सैल झाला, रोबोट जागच्या जागी गरगर फिरला, आम्ही बाहेर. चालायचंच.

जे चालत नाही ते अकाउंट सेक्शनमध्ये आहे. मॅडमनी बिल्टी दोन बोटांत धरून विचारलं, "जुनं लोखंड दिल्लीला का नेलंत?" भाडं नामंजूर. जुन्या बाजारातून रविवारी घेतलेली वायपर मोटर तर त्याआधीच नामंजूर झाली होती, कारण पथारीवाला जीएसटी क्रमांक देत नाही. पाच पोरांनी आपापल्या खिशातून पैसे घातलेत, एकाने मेसचे.

गेटवर मात्र वीस फुटी फ्लेक्स लागलाय. मध्ये अध्यक्ष, शेजारी प्राचार्य, कोपऱ्यात आम्ही, आणि ज्याने सगळं वायरिंग केलं त्याचं डोकं बांबूच्या दोरीखाली. फ्लेक्सचं बिल, ऐकतो, त्याच दिवशी पास झालं.