आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घराचा पत्ता नव्हे

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘अनोळखी लिंक उघडली की तुमचा आयपी अ‍ॅड्रेस समोरच्याला मिळतो. तो एका वेबसाइटवर टाकला की नकाशावर थेट तुमचं घर दिसतं. पोलीसही असंच शोधतात.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे: आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे इंटरनेटवर आपल्या कनेक्शनला मिळालेला नंबर, आणि तो समोरच्याला दिसतो. पुढे सगळा घोळ.

‘थेट घर दिसतं.’ सांगलीत घरी बसून मी स्वतःचाच आयपी टाकून पाहिला. वायफायवर पुणे आलं, मोबाइल डेटावर मुंबई! आयपी नंबरांचे गठ्ठे इंटरनेट कंपनीच्या नावावर असतात, आपल्या फ्लॅटच्या नाही. त्यात नंबर थोडे आणि गिऱ्हाइकं उदंड, म्हणून मोबाइल कंपन्या एकच नंबर एकाच वेळी अनेकांना वाटून देतात. देश सहसा बरोबर येतो, शहर आलं तर आलं. गल्ली विसरा. हां, लिंक उघडल्यावर ‘लोकेशन वापरू का?’ या प्रश्नाला तुम्ही ‘हो’ दाबलंत, तर घर कळेल. पण ते जीपीएस आणि आसपासच्या वायफायवरून.

‘पण नकाशावर टाचणी दिसते ना!’ दिसते, आणि तीच फसवते. अमेरिकेत कॅन्ससमधल्या पॉटविन गावाजवळ एक शेतघर आहे. मॅक्समाइंड ही कंपनी आयपीवरून ठिकाण सांगणारा डेटाबेस विकते. एखादा आयपी अमेरिकेतला आहे एवढंच कळलं, तर ती देशाचा साधारण मध्य दाखवायची: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. आकडे सोयीसाठी गोल केलेले, आणि तो बिंदू पडला नेमका या घराच्या अंगणात. २०१६ मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे उजेडात आणलं, तेव्हा त्या एका टिंबावर ६० कोटींहून जास्त आयपी जमले होते. देशात कुठेही कुणी ऑनलाइन गंडवलं की लोक इथे हजर. पोलीस, करवसुलीवाले, चिडलेली माणसं. कुणीतरी तर फुटकं कमोड वाटेत टाकून गेलं. शेवटी शेरीफने, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाने, वाटेच्या तोंडाशी पाटी लावली: लांब राहा, काही विचारायचं तर मला विचारा. कंपनीने मग ते टिंब एका तलावात नेऊन ठेवलं.

‘पोलीसही असंच शोधतात.’ नाही. पोलीस इंटरनेट कंपनीला लेखी विचारतात, की अमुक वेळी हा नंबर कोणत्या ग्राहकाकडे होता? नंबर वाटून दिलेला असेल तर पोर्ट नंबर (त्या वाटणीत प्रत्येक जोडणीला दिलेला वेगळा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळही लागते. सर्व्हरवरची वेळ बऱ्याचदा ग्रिनिचची असते. ती आपली समजून साडेपाच तासांची चूक केली, की भलत्याच घराची बेल वाजते.

बरं, कंपनीची नोंद तरी ब्रह्मवाक्य आहे का? २००७ मध्ये ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल नेटवर्किंग साइटवर शिवाजी महाराजांची बदनामी केल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट कंपनीने आयपीचा तपशील चुकीचा दिला होता. हे निस्तरेपर्यंत तो सुमारे ५० दिवस येरवड्यात होता.