बीबी फातिमांना ‘नगण्य’ कोणी ठरवलं?

१९१२ साली रोममधून पैगंबरसाहेबांच्या मुलींवर एक फ्रेंच ग्रंथ निघाला. लेखक आन्री लामेन्स. जेझुइट पाद्री, बैरूतमध्ये शिकवणारे, अरबीचे गाढे अभ्यासक. त्यांच्या लेखी पैगंबरसाहेबांच्या लेक बीबी फातिमा कशा? रूप नाही, बुद्धी बेताची, कायम आजारी, कायम रडणाऱ्या, वडिलांच्या नजरेत फारशी किंमत नसलेल्या, नवऱ्याने नीट न वागवलेल्या. थोडक्यात, नगण्य. जन्नतमधल्या स्त्रियांच्या सरदार म्हणून ज्यांचं नाव आम्ही घेतो, त्यांचं हे चित्र.

चिकित्सेला माझी हरकत नाही. इब्न साद यांचा चरित्रसंग्रह फातिमांच्या मृत्यूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी तयार झाला, तेव्हा त्यातली प्रत्येक रिवायत, म्हणजे तोंडोतोंडी आलेली हकीकत, तपासून घ्यायलाच हवी. पण लामेन्स यांचा तराजू एकीकडेच झुकतो. स्तुती दिसली की ती भक्तांनी मागाहून रचलेली, कमीपणा दिसला की तो मात्र खरा. याला संशोधन कसं म्हणायचं?

दळून दळून हाताला घट्टे पडले, म्हणून फातिमा घरकामाला माणूस मागायला वडिलांकडे गेल्या. माणूस मिळाला नाही. झोपताना म्हणायला मिळालं ते ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अलहम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर. आमच्या घरातल्या बायका ही तस्बीह आजही पढतात. यात केविलवाणेपणाच शोधायचा ठरवला तर तोही सापडेल. पण जात्यावरच्या ओव्या ज्यांच्या कानावर पडल्यात, त्यांना दळणारी बाई दुबळी असते हे कोणी सांगायला जाऊ नये.

आणि अरबस्तानातल्या फदकच्या बागायतीचं काय? वडील गेल्यावर त्या बागायतीवरचा आपला हक्क त्यांनी खलिफा अबू बक्र यांच्याकडे मागितला. नकार मिळाला, तेव्हा रागावून मरेपर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. हे बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या उक्ती-कृतींच्या संग्रहात आहे. शिया आणि सुन्नी या वादाचा निवाडा वेगवेगळा करतात, त्यात मी पडत नाही. पण राज्यकर्त्याकडे हक्क मागणारी बाई नगण्य कशी?

लामेन्स यांना उत्तरं पश्चिमेतूनच मिळाली. इटलीच्या लॉरा वेच्चा वालिएरी यांनी तीच साधनं पुन्हा तपासून हे चित्र पूर्वग्रहाचं आहे हे दाखवलं. लखनौला शिकलेल्या, पुढे शिकागोत प्राध्यापक झालेल्या नाबिया अबॉट यांनी १९४२ मध्ये पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत आयेशांचं चरित्र लिहिलं. त्यातल्या आयेशा बुद्धिमान आहेत, हट्टी आहेत, राजकारणात उतरणाऱ्या आहेत. १९९४ मध्ये डेनिस स्पेलबर्ग यांनी प्रश्नच बदलला: नंतरच्या शतकांतल्या पुरुषांनी आयेशांचं काय केलं? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो, कारण तो आम्हालाही लागू आहे. आमच्याकडच्या बयानांत, म्हणजे धार्मिक प्रवचनांत, फातिमा येतात त्या सोशिक लेक आणि सोशिक बायको म्हणून. जातं येतं, तस्बीह येते, फदक येत नाही. तो का गाळता, हे मला बयान करणाऱ्यांनाही विचारायचं आहे.