'बरोबरीची मारामारी' म्हणणाऱ्यांना उत्तर

"दोघेही पुरुष, दोघांचेही हात चालतात, मग यात पीडित कोण? समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 गेल्यावर कायदा सगळ्यांना सारखाच आहे. उगाच बायकांचा प्रश्न पातळ करू नका," असं तुम्ही एकत्र राहणाऱ्या पुरुष जोडीदारांतल्या मारहाणीबद्दल लिहिलंय.

अंगात जोर कुणाच्या जास्त, यावरून पीडित ठरत नाही. घराचा भाडेकरार कुणाच्या नावावर, एटीएम कार्ड कुणाच्या खिशात, रात्री बाराला दुसऱ्याला घराबाहेर कोण काढू शकतो, "तुझ्या ऑफिसात सांगतो" ही धमकी कोण देतो, हे विचारून बघा. नवरा-बायकोच्या बाबतीत हे प्रश्न आपल्याला सुचतात. दोन पुरुष असले की आपण दंडाचा घेर मोजत बसतो.

आणि कायदा सारखा नाही. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यात अर्ज फक्त स्त्रीला करता येतो. प्रतिवादीच्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये काढले, त्यामुळे सासूवर, आईवर, बहिणीवरही अर्ज होतो. सोबत राहणाऱ्या जोडीदार बाईवर मात्र नाही, कारण समलिंगी नातं या कायद्यात बसत नाही असं त्याच न्यायालयाच्या 2013 च्या इंद्रा सरमा निकालात म्हटलंय. 377 चं म्हणाल तर 2018 मध्ये फक्त संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, जबरदस्तीपुरतं कलम शिल्लक होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेही नाही, आणि बलात्काराचं कलम 63 स्त्रीपुरतंच आहे.

म्हणजे मार खाल्लेल्या पुरुषाच्या हाती बहुतेकदा साधी दुखापत, याच संहितेचं कलम 115(2), उरते. ती अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहितात: "किरकोळ कारणावरून शिवीगाळ व हाताबुक्क्यांनी मारहाण केली." या ठरीव ओळीत आधीच्या सगळ्या वेळा पुसल्या जातात आणि जोडीदार नुसता 'रूममेट' होतो. म्हणून एनसीवर थांबू नये. तारखांसकट जुने प्रसंग लिहून वेगळा अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. वळ उतरले की पुरावा गेला. हाड मोडलं असेल तर ती गंभीर दुखापत, 117(2), आणि दखलपात्र; मग एनसीवर बोळवण करून घेऊ नये.

राहिला बायकांचा प्रश्न. मुलगी मुलीवर प्रेम करते म्हणून आई-भाऊ तिला कोंडतात, फोन काढून घेतात, तेव्हा 2005 चा कायदा तिला पुरेपूर लागू होतो, कारण नातं रक्ताचं आहे. पण घरगुती हिंसा म्हणजे नवऱ्याचीच, हे डोक्यात पक्कं असल्याने तिला हे कुणी सांगतच नाही. तिने कलम 12 चा अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करावा, आणि सोबत कलम 23 खाली अंतरिम आदेश मागावा. तो एकतर्फीही मिळू शकतो. आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.