परदेशातून: हापसा कुणाच्या वस्तीत बसवायचा

शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोलापूरच्या एका जुन्या मित्रानं परवा सरळच विचारलं, "काय बे, तिकडं आफ्रिकेत जाऊन किती जणांना बाटवलास?" धर्मांतरविरोधी कायद्यासाठी राज्य सरकारनं फेब्रुवारी 2025 मध्ये समिती नेमली तेव्हापासून हा विषय ग्रुपवर सारखा निघतोय, आणि त्यात ख्रिस्ती म्हणून मी एकटाच. प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही नीट देतो.

मी उत्तर युगांडात एका ख्रिस्ती संस्थेत पाण्याचं काम करतो. बोअर, हापसे, त्यांची दुरुस्ती, गावाची पाणी कमिटी. हा देशच मुळात ख्रिस्ती, दहातले आठ लोक तरी चर्चला जाणारे, सरकारी मीटिंगसुद्धा प्रार्थनेनं सुरू होते. दरवर्षी 3 जूनला राजधानी कंपालाजवळच्या नामुगोंगोला ख्रिस्ती हुतात्म्यांच्या जागी लोक कुठून कुठून पायी येतात, पार केनियातूनसुद्धा, आपल्याकडं आषाढीला पंढरपूरला दिंड्या येतात तसंच. जेवायला पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि शेंगदाण्या-तिळाचं कूट, त्यामुळं सोलापूरच्या माणसाला जेवणाचा त्रास फारसा होत नाही, फक्त तिखट घरून आणावं लागतं.

आणि हापसा. इथं सगळीकडं जो हापसा दिसतो त्याला यू-टू म्हणतात, तो म्हणजे आपला इंडिया मार्क टू. ओतीव लोखंडाचे जुने पंप एका कुटुंबापुरते बनवलेले, अख्खं गाव त्यावर पाणी भरायला लागलं की मोडायचे, म्हणून जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या पाण्याच्या कामातल्या लोकांनी स्टीलचा दणकट हापसा बनवला. 'सोलापूर पंप' या नावानं तो ओळखला जायचा. पुढं 1970 च्या दशकात दुष्काळाच्या धामधुमीत सरकार आणि युनिसेफनं त्यावरूनच मार्क टू तयार केला. इथल्या मेकॅनिकला मी हे सांगितलं तर त्यानं दांड्यावर हात ठेवून विचारलं, म्हणजे हा तुझ्या गावचा? मला लई अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

गेल्या महिन्यात असाच एक हापसा उघडला. वरचं झाकण काढलं, साखळी सोडली आणि पाइप वर ओढायला लागलो तर तिसऱ्या-चौथ्या पाइपला गंजून बोट जाईल एवढी भोकं. पाणी लालसर, लोखंडाचा वास, बायका म्हणाल्या कपडे पिवळे पडतात, चहा काळा होतो. इथलं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी आहे, जस्ताचा मुलामा दिलेला पाइप ते खाऊन टाकतं, स्टेनलेस टाकला तर टिकतो पण महाग पडतो. घरटी वर्गणी कुणी दिली कुणी नाही यावर कमिटीत दोन तास वाद झाला. माझी श्रद्धा रोजच्या कामात म्हणाल तर ती या दोन तासांत असते. सकाळी प्रार्थना करून निघतो, पण खरी परीक्षा तिथं शांत बसून ऐकताना.

आता मुद्द्याचं. जागा ठरवायच्या मीटिंगमध्ये दरवेळी कुणीतरी म्हणतं, बोअर चर्चच्या आवारात घेऊ, जमीन आपलीच आहे, कुंपण आहे, देखभाल होईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण ओढ्यापलीकडं पाचपन्नास मुसलमान घरं असतात, त्यांच्या बायकांनी डबे घेऊन चर्चच्या फाटकातून रोज आत यायचं का? त्यांना कुणी अडवत नाही, धर्म बदला असंही कुणी म्हणत नाही, तरी त्या येत नाहीत, खड्ड्यातलं पाणी नेतात. इथं मी बहुसंख्याकांच्या बाजूनं बसलोय आणि इथूनच मला दिसलं की अट न घालताही अट घातली जाते. म्हणून मी दरवेळी भांडतो की बोअर रस्त्यावर घ्या, सगळ्यांच्या जमिनीवर घ्या, कमिटीत त्या वस्तीतली बाई खजिनदार करा.

यावरूनच आपल्या ख्रिस्ती मंडळींना सांगतो, मित्राचा संशय सगळाच द्वेषातून येत नाही. मदत आणि उपासना एकाच दारात ठेवली तर गरजू माणूस मोकळेपणानं 'नको' म्हणू शकत नाही, आणि ज्याला 'नको' म्हणता येत नाही त्याच्या 'हो' ला प्रभूसमोर तरी काय किंमत आहे? देणगीदारांना पाठवायच्या रिपोर्टात किती जण सभेला आले हा आकडा हापशांच्या आकड्याशेजारी लिहिणं बंद करा.

आणि मित्रा, तुलाही. कलम 25 नं धर्म सांगायचाही हक्क दिलाय. विहीर, शाळा, दवाखाना यांनाच धर्मांतराचं प्रलोभन म्हणायला लागलो तर सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात सोलापुरात तळं खोदून घेतलं ते काय होतं? भक्तीतूनच झालं ना ते. परदेशी देणग्यांचा कायदा 2020 मध्ये कडक केला, हिशेब मागा, मागायलाच पाहिजेत, पण एका संस्थेनं दुसरीला पैसे द्यायचेच नाहीत या नियमानं खेड्यातल्या छोट्या संस्था अडकल्या, त्यात धर्मांतर न करणारेच जास्त होते असं मला वाटतं. बाटवलं किती हे विचारण्यापेक्षा गावात ये आणि बघ, पाणी कुणाला मिळतंय, कुणाला नाही, 'नको' म्हणणाऱ्याचं पाणी तोडलं का. तोडलं असेल तर खुशाल केस घाल, मी साक्षीला येतो.