दुरुस्तीची नोटीस

सोसायटीच्या सेक्रेटरीला पगार नसतो, नोटिसा असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पार्किंगच्या नियमात अमेंडमेंट करायचं ठरलं आणि अध्यक्षांनी फर्मावलं, "नोटीस शुद्ध मराठीत हवी!"

त्यात काय? अमेंडमेंट म्हणजे दुरुस्ती. घटनादुरुस्ती म्हणतोच की आपण. 'वार्षिक सभा : विषय – उपविधी दुरुस्ती' असं लिहून, नियमाप्रमाणे १४ दिवस आधी, लिफ्टशेजारी चिकटवलं.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू हजर. "दुरुस्ती काढलीच आहे, तर आधी आमच्या बाथरूमचं छत बघा. ठिबकतंय."

मी समजावलं, "काकू, ही कागदावरची दुरुस्ती. राज्यघटनेचीसुद्धा होते. पहिली १९५१ साली झाली, २०२३ पर्यंत १०६ झाल्या."

"१०६ वेळा?" काकू शांतपणे म्हणाल्या. "आणि आमचं छत एकदाही नाही?"

मला घटनादुरुस्तीचं कलम ३६८ आठवलं, पण त्यात छताचा उल्लेख नाही. शिवाय इंग्रजीही काकूंच्याच बाजूची निघाली. डिक्शनरी उघडली, तर 'अमेंड'चा 'अ' गळून तिकडे 'मेंड' झालेला, म्हणजे फाटकंतुटकं सांधणं. मूळ लॅटिनमध्येही दोष काढून टाकणं एवढाच अर्थ. थोडक्यात, घटनातज्ज्ञ आणि प्लंबर एकाच कुळातले.

मी शब्द बदलला. 'सुधारणा' लिहिलं, तर "आमच्यात काय बिघडलंय?" म्हणून तिसरा मजला रुसला. मग 'फेरफार' लिहिलं आणि कहर झाला. गावाकडे जमीन असलेले अण्णा अनवाणीच जिना उतरून आले. फेरफार म्हटलं की त्यांना तलाठी दिसतो आणि सातबाऱ्यावर भावकीतलं भलतंच नाव. "माझ्या फ्लॅटवर कोणाला चढवताय?" त्यांना दोन कप चहा पाजावा लागला, तरी जाताना त्यांनी नोटिशीचा फोटो काढून वकील जावयाला पाठवलाच.

शेवटी पुन्हा 'दुरुस्ती'च.

सभेला गणसंख्या २० हवी. रविवारी दहा वाजता डोकी मोजली, १९ भरली. एवढ्यात खांद्यावर पिशवी, हातात पाना घेतलेला एक माणूस दारात येऊन उभा राहिला. वॉचमनने नोटीस वाचून स्वतःच्या अकलेने बोलावलेला प्लंबर.

"दुरुस्ती कुठं आहे, साहेब?"

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "याला धरता येईल का हो?"