एका प्रतिक्रियेला उत्तर: लातुरात बसूनही बाजार दिसतो

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की बाजार कोसळतो तेव्हा एखाद्याच शेअरचे खरेदीदार पळत नाहीत. बहुतेक शेअरांची लिक्विडिटी, म्हणजे भाव फारसा न पाडता चटकन विकता येण्याची सोय, एकदमच आटते. त्यामुळे वेगवेगळ्या क्षेत्रांतले शेअर घेतले, तरी विकायच्या दिवशी ते एकत्रच अडकतात. त्यावर संभाजीनगरच्या एका वाचकांनी भलीमोठी प्रतिक्रिया दिली. लेखातला आलेख नीट दिसत नाही, चांगल्या कंपनीला गिऱ्हाईक कधीही मिळतं, एसआयपीवाल्यांना (दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकणाऱ्यांना) याच्याशी देणंघेणं नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि मग हे वाक्य: "लातुरात बसून अमेरिकेतल्या प्राध्यापकांची पोपटपंची करण्यापेक्षा एकदा दलाल स्ट्रीट बघून या."

आलेख मोबाईलवर बारीक दिसतो, हे मान्य. मोठा करून टाकला आहे.

आता त्या वाक्याबद्दल. साहेब, मतभेदाचं मला वावडं नाही. पण "लातुरात बसून" म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला? एनएसई या शेअर बाजाराचा संगणकाच्या पडद्यावरचा व्यवहार 1994 साली सुरू झाला. रिंगणात उभं राहून ओरडत सौदे करायचे दिवस तेव्हाच सरत आले. मुंबईत ज्या बोली दिसतात, त्याच लातूरच्या औसा रोडवर दिसतात. तुम्ही स्वतः मराठवाड्यातले असून हे लिहिता, याचं जास्त वाईट वाटलं.

मी सब-ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलवर बसायला लागलो तेव्हा 17 मे 2004 ची पडझड ताजी होती. 22 जानेवारी 2008 ला लोअर सर्किट लागलं, म्हणजे निर्देशांक ठरलेल्या मर्यादेपर्यंत पडून व्यवहार थांबले, तेव्हा गिऱ्हाइकांचे फोन मीच घेत होतो. आणि 23 मार्च 2020. पहिल्या तासाभरातच निर्देशांक 10 टक्के खाली, 45 मिनिटं व्यवहार बंद. संध्याकाळी एनएसईचा निर्देशांक निफ्टी जवळपास 13 टक्के पडून बंद झाला. त्या सकाळी एक निवृत्त गुरुजी फोनवर होते. मुलीच्या फीसाठी त्यांना पैसे मोकळे करायचे होते. त्यांचा एक साखर कारखान्याचा शेअर उघडला: विक्रीच्या बाजूच्या पाचही ओळी भरलेल्या, खरेदीच्या पाचही ओळींत शून्य. "मग तो औषधाचा विका," गुरुजी म्हणाले. तिथेही शून्य. खताच्या कंपनीचंही तेच. शेवटी एका मोठ्या बँकेचा शेअर विकला गेला, पण घेणाऱ्याची बोली आणि विकणाऱ्याचा भाव यांत एवढं अंतर पडलं होतं की पडलेल्या भावावर आणखी फटका बसला. साखर, औषध, खत यांचा एकमेकांशी काय संबंध? धंद्याचा काहीच नाही. ही पोपटपंची नव्हे, मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता त्या प्राध्यापकांविषयी. शेअरांची लिक्विडिटी एकत्र कमीजास्त होते हे दाखवणारा चोर्डिया, रोल आणि सुब्रह्मण्यम यांचा 2000 सालचा अभ्यास न्यूयॉर्कच्या बाजाराचा होता, बरोबर. पण 2012 साली कॅरोली, ली आणि व्हॅन डाइक यांनी 40 देश तपासले. बाजार जोरात पडतो तेव्हा, आणि जिथे परदेशी गुंतवणूकदार जास्त असतात तिथे, शेअरांची लिक्विडिटी जास्त एकसारखी हलते, असं त्यांना आढळलं. हे आपल्याला लागू नाही म्हणता? मार्च 2020 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्याकडून 60 हजार कोटींहून जास्त रुपयांचे शेअर विकले. त्यांना आपल्या देशातूनच पैसा काढायचा असतो, म्हणून ते एकाच दिवशी अनेक शेअर विकायला काढतात. त्यात उसन्या पैशावर खेळणाऱ्यांना मार्जिनचे, म्हणजे तारणाचे आणखी पैसे भरा असे, फोन जातात, तेही हाती लागेल ते विकतात. बोली लावून बसलेले बाकीचे लोक हे बघून आपापल्या बोली काढून घेतात. त्यांना थांबा म्हणणारा कुणी नसतो.

आपल्या मार्केट यार्डात खरेदीदारांनी सौदा बंद ठेवला की सोयाबीनही पडून राहतं, तूरही. माल कितीही चोख असो. तुमच्या "चांगल्या कंपनी"चं उत्तर यातच आलं.

एसआयपीचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर इथे फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की 2024 च्या मार्चपासून मिडकॅप आणि स्मॉलकॅप (मध्यम आणि लहान कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या) फंडांना आपला 25 आणि 50 टक्के माल विकायला किती दिवस लागतील, ते जाहीर करावं लागतं. पण हा हिशेब प्रत्येक फंड आपापला मांडतो. सगळे एकाच आठवड्यात विकायला निघाले तर किती दिवस, हे त्या आकड्यात येत नाही. याच्याशी एसआयपीवाल्यांना देणंघेणं नाही, असं तुम्हीच म्हणू शकता.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मात्र यापुढे गावावरून बोलणार असाल तर उत्तर मिळणार नाही. मुद्द्यावर बोलायचं असेल तर 23 मार्च 2020 ची भावकॉपी, म्हणजे त्या दिवसाचे सगळ्या शेअरांचे भाव आणि उलाढाल यांची बाजाराची यादी, उतरवून घ्या. तुमच्याकडचे सगळे शेअर तिच्यात शोधा, आधीच्या महिन्यातल्या एखाद्या साध्या दिवसाशी ताडून बघा आणि प्रत्येकाची किती उलाढाल झाली, भाव किती पडला, ते खाली लिहा. एकाही आकड्याला हात न लावता मी ते छापीन.