‘ॲप्टने दोन मिनिटांत होतं, मग हा खटाटोप कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, काल दुपारी परत वाचली. ‘धन्यवाद, बघतो’ एवढं लिहून सोडून देण्यासारखी ती नाही. माझा लेख समोर ठेवून तुम्ही दोन तास बसलात, मध्येच लॅपटॉप गोठला आणि शेवटी जे हाती आलं ते धड चाललंही नाही. तेव्हा सविस्तर उत्तर देणं लागतोच.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी एफएफएमपेग (व्हिडिओ उलगडणारं आणि बदलणारं साधन) आणि एमपीव्ही (व्हिडिओ प्लेअर) हे दोन्ही सोर्समधून, म्हणजे मूळ कोडपासून, कसं बिल्ड करायचं ते लिहिलं होतं. सरांनी इंजिनिअरिंग कॉलेजात बरीच वर्षं शिकवलंय. त्यांचं म्हणणं असं: उबुंटूवर ॲप्टने (तयार पॅकेजं बसवणाऱ्या आज्ञेने) हे दोन मिनिटांत होतं, मग पोरांचा वेळ का घालवता? ‘मेक’ (कोड कंपाइल करणारी आज्ञा) सुरू केल्यावर लॅपटॉप पूर्ण अडकला, बटण दाबून बंद करावा लागला. दुसऱ्या खेपेला बिल्ड झालं, पण फोनवर काढलेला फोर-के व्हिडिओ लावताच पंखा घोंघावायला लागला, प्रोसेसर नव्वद टक्क्यांवर गेला आणि चित्र अडखळत राहिलं. ग्राफिक चिपने डीकोडिंग (साठवलेला व्हिडिओ उलगडून चित्रं काढणं) होतं हे थोतांड आहे. आणि एवढंच असेल तर तयार बायनरी ब्लॉगवर का देत नाही?

लॅपटॉप अडकला तो माझ्या चुकीमुळे. लेखात ‘मेक’पुढे मी नुसतं ‘-जे’ लिहिलंय, त्यापुढचा आकडा राहून गेलाय. आकडा दिला नाही की ‘मेक’ कसलीच मर्यादा पाळत नाही. एका वेळी जेवढी कामं सुरू करता येतील तेवढी सुरू करतं. एफएफएमपेगमध्ये सी भाषेतल्या हजाराहून जास्त फायली आहेत. तुमच्या आठ जीबी रॅमवर कंपायलरच्या एवढ्या प्रती एकदम उघडल्या की मेमरी संपते, सगळा भार स्वॅपवर (डिस्कवरच्या पर्यायी मेमरीवर) जातो आणि माऊससुद्धा हलत नाही. तुमच्या मशीनला चार कोअर आहेत, म्हणून ‘-जे४’ द्या आणि ब्राउझर बंद ठेवा. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. झालेल्या त्रासाबद्दल मनापासून माफी मागतो.

आता व्हिडिओ अडखळण्याचं. हे नीट उलगडून सांगायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथेच आहे.

तुम्ही लिहिलंय: ‘असेम्बलर सापडत नाही म्हणून कॉन्फिगर अडलं, तेव्हा त्यानेच पडद्यावर सुचवलेला पर्याय देऊन पुढे गेलो.’ कॉन्फिगर म्हणजे ‘मेक’च्या आधी काय काय घ्यायचं ते तपासून ठरवणारी स्क्रिप्ट. तो पर्याय म्हणजे ‘--डिसेबल-एक्स८६एएसएम’. तो संदेश परत वाचा, सर. त्यात स्पष्ट म्हटलंय की या पर्यायाने मिळेल ते ‘क्रिपल्ड बिल्ड’, म्हणजे लंगडं बिल्ड. डीकोडरचं सगळ्यात जड काम म्हणजे आधीच्या चित्रातले तुकडे हलवून नवं चित्र जुळवणं, उलटे ट्रान्सफॉर्म काढणं, चौकटींच्या कडा मऊ करणं. एफएफएमपेगमध्ये या सगळ्यासाठी हाताने लिहिलेलं असेम्ब्ली (थेट प्रोसेसरच्या सूचनांतला कोड) आहे, एका सूचनेत अनेक पिक्सेलांवर काम करणारं. तो पर्याय दिलात की ते सगळं बाजूला पडतं आणि साधा सी कोड उरतो. तो कित्येक पटींनी हळू आहे. फोर-के एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओ त्यावर चालवणं म्हणजे सिंहगडाच्या चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये रेटत नेणं. करायला हवं होतं एवढंच: ‘नॅझम’ या असेम्बलरचं छोटं पॅकेज ॲप्टने टाकायचं आणि कॉन्फिगर पुन्हा चालवायचं. ते आधी टाका असं मी लेखात लिहिलं होतं, पण एका लांबलचक ओळीत बाकी वीस नावांबरोबर. ते कशासाठी लागतं हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात.

दुसरं कारण ग्राफिक चिपचं. तुम्ही व्हीएइन्फो (चिप काय काय डीकोड करू शकते ते दाखवणारी आज्ञा) चालवलंत, त्यात एचईव्हीसीची नावं दिसली आणि तुम्ही म्हणालात, ‘चिप तयार आहे, ड्रायव्हर आहे, तरी वापर शून्य.’ निरीक्षण बरोबर आहे. तुमच्या आठव्या पिढीच्या आय-फाइव्हमधली इंटेलची चिप एचईव्हीसी उत्तम डीकोड करते. पण व्हीएइन्फोला लागते ती चालवण्यापुरती लायब्ररी, लिबव्हीए२. कंपाइल करताना हेडर फायली आणि पीकेजी-कॉन्फिगची फाइल लागते. त्या ‘लिबव्हीए-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात असतात आणि ते तुमच्याकडे नव्हतं. अशा वेळी एफएफएमपेगचं कॉन्फिगर काय करतं? काहीच बोलत नाही. व्हीए-एपीआय (चिपकडून डीकोडिंग करून घेण्याचा दुवा) ते आपणहून शोधतं. सापडलं तर घेतं, नाही सापडलं तर मुकाट्याने वगळतं आणि पुढे जातं. शेवटी बिल्ड यशस्वी! हा गप्पपणा मला अजिबात आवडत नाही. माझेही एकदा दोन दिवस त्यात गेलेत.

यावर उपाय सोपा आहे. जे हवंच आहे ते स्वतः मागायचं. ‘--एनेबल-व्हीएएपीआय’ असं स्पष्ट लिहिलंत की ते न सापडल्यास कॉन्फिगर तिथेच थांबतं आणि मागितलेली गोष्ट सापडली नाही असं सांगतं. नक्की काय अडलं ते ‘एफएफबिल्ड’ फोल्डरमधल्या कॉन्फिग डॉट लॉगमध्ये तळाशी असतं. आणि कॉन्फिगर संपल्यावर जी लांब यादी पडद्यावर येते ती वाचल्याशिवाय ‘मेक’ला हात लावायचा नाही. तिच्यात ‘एक्स्टर्नल लायब्ररीज प्रोव्हायडिंग हार्डवेअर ॲक्सेलरेशन’ असं शीर्षक येतं. त्याखाली व्हीएएपीआय नसेल तर पुढचा अर्धा तास वाया जाणार हे आत्ताच कळतं.

एमपीव्हीलाही हे सांगावं लागतं. माझ्याकडच्या आवृत्तीत तरी ते आपणहून चिपकडे जात नाही, ‘--एचडब्ल्यूडेक=ऑटो-सेफ’ द्यावं लागतं. व्हिडिओ चालू असताना ‘आय’ दाबलंत की डीकोडिंग कुठे होतंय ते पडद्यावर दिसतं. आणि एमपीव्ही नक्की कोणत्या लिबएव्हीकोडेकला (एफएफएमपेगच्या डीकोडर लायब्ररीला) जोडलं गेलंय ते एलडीडी या आज्ञेने पाहा. उबुंटू २४.०४ मध्ये एफएफएमपेग ६.१ आहे, त्याच्या लायब्ररीचा क्रमांक ६०. लेखातलं ७ मालिकेतलं एफएफएमपेग बिल्ड केलंत तर ६१. साठ दिसलं तर आपली सगळी मेहनत बाजूलाच राहिली आणि प्लेअर जुन्याच लायब्ररीवर चाललाय असं समजा.

‘थोतांड’ या शब्दाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ॲप्टच्या एफएफएमपेगवर तुम्ही मोजमाप केलंत, व्हीए-एपीआय लावून आणि न लावता, आणि लावल्यावर ते उलट हळू निघालं. आकडे खोटे नाहीत. पण त्या आज्ञेत ‘-एचडब्ल्यूॲक्सेल’ होतं, ‘-एचडब्ल्यूॲक्सेल_आउटपुट_फॉरमॅट’ नव्हतं. त्यामुळे चिपने डीकोड केलेली प्रत्येक फ्रेम परत साध्या मेमरीत ओढून आणली गेली. फोर-केची एक आठ-बिट फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० गुणिले दीड, म्हणजे १,२४,४१,६०० बाइट. सेकंदाला साठ फ्रेम धरल्या तर जवळजवळ ७५ कोटी बाइट दर सेकंदाला इकडून तिकडे. चिपने वाचवलेलं बरंचसं त्यात जातं. एमपीव्ही फ्रेम चिपच्याच हाती ठेवून थेट पडद्यावर देतं, म्हणून तिथे फरक दिसतो. शिवाय चिपचा फायदा वेगात मोजायचाच नसतो. चार कोअर एकत्र लागले तर प्रोसेसर वेगात पुढे जाऊही शकतो. फायदा विजेत आणि उष्णतेत आहे. एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पुण्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन व्याख्यान पाहणाऱ्याला तो लगेच कळतो.

एक सावधगिरी: एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ तुमची चिप डीकोड करणार नाही, इंटेलमध्ये ती सोय अकराव्या पिढीपासून आली. त्यासाठी व्हिडिओलॅनचा ‘डेव्हिड’ हा डीकोडर प्रोसेसरवरच चालतो आणि तो फार सुंदर लिहिलेला आहे. एफएफएमपेगला तो ‘--एनेबल-लिबडेव्हिड’ म्हणून जोडा, स्पेलिंगमध्ये ‘आय’च्या जागी एकचा आकडा.

तयार बायनरी न देण्याचं कारण परवान्याचं आहे. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे. एक्स२६४ (एच.२६४ व्हिडिओ बनवणारी लायब्ररी) जोडलं की पूर्ण बिल्ड त्याहून कडक जीपीएलखाली येतं. तेही वाटता येतं, सोर्स सोबत द्यावा लागतो एवढंच. पण माझ्या लेखात एफडीके-एएसी ही ऑडिओची लायब्ररीही होती. तिचा परवाना जीपीएलशी जुळत नाही, म्हणून ‘--एनेबल-नॉनफ्री’ द्यावं लागतं, आणि असं बिल्ड स्वतःच्या मशीनवर वापरता येतं, दुसऱ्याला देता येत नाही. ऑडिओ ऐकण्यासाठी एफएफएमपेगचा स्वतःचा एएसी डीकोडर पुरेसा आहे, म्हणून ती ओळ मी आता काढून टाकली आहे.

राहिला तुमचा पहिला प्रश्न, ॲप्ट असताना हे कशाला. फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर ॲप्टच वापरा, माझ्या घरीही बाबांच्या मशीनवर तेच आहे. मी सोर्सकडे वळलो तो मराठीमुळे. आमच्या वाड्यातल्या गणेशोत्सवाच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटी मी डिजिटल करत होतो. दरवर्षीची कीर्तनं, मुलांची नाटकं, आता हयात नसलेली माणसं. प्रत्येक फितीवर नाव आणि साल घालायचं होतं. तेव्हा माझ्याकडे उबुंटू २२.०४ होतं, त्यात एफएफएमपेग ४.४. ‘ड्रॉटेक्स्ट’ने (व्हिडिओवर मजकूर लिहिणाऱ्या फिल्टरने) नाव घातलं आणि पडद्यावर ‘विठ्ठल’ची वेलांटी ‘व’च्या नंतर उभी राहिली, ‘ठ्ठ’चा पाय मोडून मध्ये हलन्त दिसायला लागला. आजोबांचं नाव मोडक्या अक्षरांत बघवेना. ते ड्रॉटेक्स्ट एकामागून एक चिन्हं नुसती मांडत होतं, देवनागरी जुळवत नव्हतं. जुळवण्याचं काम हार्फबझ ही लायब्ररी करते आणि ड्रॉटेक्स्टमध्ये ते आलं ६.१ मध्ये, २०२३ च्या अखेरीस. २२.०४ च्या ॲप्टमध्ये ते मिळणार नव्हतं. सोर्स उतरवला, ‘--एनेबल-लिबफ्रीटाइप’ आणि ‘--एनेबल-लिबहार्फबझ’ दिलं, आणि रात्री साडेअकराला ‘विठ्ठल’ जसा लिहितात तसा पडद्यावर आला. आईला उठवून दाखवलं.

डीकोडर कोणते घ्यायचे, अक्षरं कशी जुळवायची, हे कॉन्फिगरच्या वेळी ठरतं. ॲप्टने घेतलं की ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. बहुतेक वेळा चांगलंच ठरवलेलं असतं. पण २०२२ मध्ये फेडोरा या लिनक्स वितरणाने पेटंटच्या कारणावरून मेसा या ग्राफिक ड्रायव्हरमधलं एच.२६४ आणि एचईव्हीसीचं व्हीए-एपीआय डीकोडिंग बंद केलं, तेव्हा एएमडीची चिप असलेल्यांचे व्हिडिओ एका अपडेटनंतर प्रोसेसरवर आले आणि कित्येकांना कारणच समजेना. कॉन्फिगरची यादी एकदा तरी वाचलेल्या पोराला ते समजतं, असं मला वाटतं. म्हणून तुमच्या विद्यार्थ्यांचा एक शनिवार यात गेला तर तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

तुम्ही पुन्हा करणार असाल तर आधी जुन्या फोल्डरमध्ये ‘मेक डिस्टक्लीन’ करा, नॅझम आणि लिबव्हीए-डेव्ह टाका, मग कॉन्फिगर. ‘मेक’ सुरू करण्याआधी हार्डवेअर ॲक्सेलरेशनच्या त्या शीर्षकाखालची ओळ इथेच प्रतिक्रियेत टाका, मी रात्री दहानंतर बघतो. तरीही अडलं तर मी कर्वेनगरातच राहतो. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन या, सोबत बसून करू.